बंब पोहोचायच्या आधी

बंबावर नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे सरकवतो आणि आगीचे किस्से मागतो. या अंकाच्या संपादकांनीही तेच केलं. त्यांची थोडी निराशा करतो. आमच्या वर्धा जिल्ह्यात आग ही हंगामी गोष्ट आहे. उन्हाळ्यात कडब्याच्या गंज्या, कधी जिनिंगमधला कापूस, दिवाळीत फटाक्याने पेटलेलं एखादं छप्पर. बाकी वर्षभर अग्निशमन दलाचं काम म्हणजे अग्नी सोडून सगळं. विहिरीत पडलेली म्हैस, न्हाणीतला नाग, टॉवरवर चढून बसलेला रुसका जावई, रस्त्यावर आडवी झालेली बाभूळ.

गिऱ्हाइकंही एकेक. एका किराणा दुकानदाराने दुकानाच्या चाव्या विहिरीत पडल्या म्हणून बंब बोलावला. चाव्या काढून दिल्यावर आता आलेच आहात तर, असं म्हणत त्याने घरावरची पाण्याची टाकी दाखवली. एकदा मे महिन्यात लग्नघरून आगीचा फोन आला. आम्ही घंटा वाजवत पोहोचलो, तर मांडवामागे मूठभर तणस धुमसत होतं आणि शेजारी रिकामे ड्रम ओळीने मांडून ठेवले होते. नवरीच्या बापाने हात जोडले. पंगत बसायची होती आणि टँकर आला नव्हता. आमचा ड्रायव्हर रहीमभाई तोंडाने त्याला शिव्या देत होता आणि हाताने ड्रम भरत होता. जेवल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडलं नाही. वरणात मीठ जरा जास्त होतं.

हे किस्से सांगायला बरे. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

बंबाच्या मागच्या पेटीत गळ असतो. मासे धरायचा नव्हे. लोखंडाचे तीन-चार बाकदार आकडे एकत्र जोडलेले आणि त्यांना लांब दोर. विहिरीत किंवा तळ्यात कोणी बुडालं की तो टाकून तळ चाचपायचा. दोर हातात धरला की गाळ कुठला, दगड कुठला आणि कापड कुठलं हे हाताला कळायला लागतं. हे ज्ञान मी कुणाला कधी हौसेने शिकवलं नाही. उभ्या नोकरीत त्या गळाने मी भांडी काढली, मोटारी काढल्या आणि माणसं काढली. शेततळ्यातून जिवंत लेकरू मात्र एकदाही काढलं नाही. याची बोच मला होती आणि ती लपवण्यात काही अर्थ नाही.

उशीर का होतो, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. खेड्यात लेकरू पाण्यात पडलं की आधी आरडाओरडा होतो, मग सरपंचाला फोन, सरपंचाचा पोलीस पाटलाला आणि मग कोणाला तरी बंब आठवतो. बंब जड, रस्ता अरुंद, अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं. आम्ही कितीही जीव तोडून गेलो तरी पाणी आमच्यासाठी थांबत नाही. लोक मात्र आमच्यावरच चिडतात. चिडू द्यावं, त्यांचं लेकरू गेलेलं असतं.

आणि शेततळं ही विहिरीपेक्षा वाईट चीज आहे. विहीर पाहून लेकराला भीती वाटते. शेततळं म्हणजे शेतात खणलेला मोठा चौकोनी खड्डा, पाणी मुरू नये म्हणून आतून काळा प्लास्टिक कागद अंथरलेला. वरून छान निळं पाणी दिसतं. ओल्या कागदावर शेवाळ धरतं आणि पाय ठेवला की माणूस सरळ आत. आत गेल्यावर चढायला पकड नाही. पट्टीचा पोहणाराही त्या उतारावर नखं घासत राहतो. संत्र्याच्या बागा जगल्या त्या या तळ्यांमुळे, हेही खरं. तळ्यांना दोष देऊन चालणार नाही.

आष्टीच्या बाजूला एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या दोन घरांना ते आवडणार नाही. तिथल्या तळ्यात एक मुलगा घसरला आणि त्याला काढायला त्याच्या मित्राने उडी मारली. आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. पहिला घसरतो, दुसरा मायेपोटी उडी मारतो आणि गळाला दोघंही लागतात. त्या दिवशीही तसंच झालं. दुसरा मुलगा चांगला पोहणारा होता. त्याची धाकटी बहीण, सहा-सात वर्षांची, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून आमच्याकडे बघत होती. तिला तिथून कोणीतरी न्यायला हवं होतं, पण मोठी माणसं आपापल्या रडण्यात होती. तिचं नाव वैष्णवी. मी तिला माझी टोपी दिली आणि बंबाच्या केबिनमध्ये ठेवून ये म्हणून सांगितलं. दुसरं काही सुचलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी त्या गावच्या शाळेच्या मॅडम आमच्या स्टेशनवर आल्या. सुनंदा मॅडम, अंगाने किडकिडीत आणि आवाज असा, की रहीमभाई गाडीखालून बाहेर आला. मला वाटलं, तक्रार घेऊन आल्या. मी उशिराची सगळी कारणं सांगायला सुरुवात केली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"तुम्ही यायच्या आधी जो वेळ जाते नं साहेब," त्या म्हणाल्या, "त्या वेळात पोरायनं काय करावं, हे त्यायले कोण शिकवते?"

कोणीच शिकवत नव्हतं. आम्ही शाळांमध्ये जात होतो, पण आग विझवायचं लाल सिलेंडर दाखवायला. ज्या गावात सिलेंडर नाही तिथेही तेच दाखवायचो. माझं उत्तर एवढंच होतं, की येत्या शनिवारी येतो.

शनिवारची शाळा सकाळची. मी गणवेश घालून गेलो, म्हणजे मुलं घाबरून ऐकतील. मुलांनी मला बंबवाले काका केलं आणि गणवेशाची भीती पहिल्याच दिवशी संपली. शिकवायचं थोडंच होतं. कोणी पाण्यात पडलं तर उडी मारायची नाही. ओरडायचं, एकाने गावाकडे पळायचं. बाकीच्यांनी कागदावर पाय न ठेवता मातीवर पालथं पडायचं आणि काहीतरी लांब फेकायचं. फेकायच्या आधी त्याचं दुसरं टोक झाडाला नाहीतर खुंटाला बांधायचं, नाहीतर ओढणाराच आत जातो. उडी मारणारा शूर असतो, हे मुलांच्या डोक्यातून काढायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. सिनेमे त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलेले.

मॅडमचा एक नियम माझ्या सगळ्या नियमांच्या वर होता. घाबरणाऱ्याला हसायचं नाही. जो हसेल त्याने पुढच्या शनिवारी घाबरणाऱ्याचा हात धरून बसायचं. उन्हाळ्यात आम्ही एका उथळ टाक्यात मुलांना पाण्यावर उताणं तरंगायला शिकवलं. वैष्णवी टाक्याजवळ यायचीच नाही. लांब कडुनिंबाखाली बसायची. सूरज नावाचा तिच्या वर्गातला पोरगा, पाण्यातला मासाच, एकदा तिला भित्री म्हणून हसला आणि पुढचा शनिवार त्याने कडुनिंबाखाली तिचा हात धरून काढला. नंतर तो शिक्षा नसतानाही तिथे बसायला लागला. मला वाटायचं, ही मुलगी काही शिकत नाही, नुसती बसते. तिथे माझा अंदाज साफ चुकला.

खरा प्रश्न पुढे आला. फेकायचं काय? आम्ही लोकवर्गणीतून नायलॉनचे दोर आणले आणि तळ्यांवर खुंट ठोकून बांधले. आठवड्यात एकही शिल्लक नव्हता. चांगला दोर दिसला आणि घरी बैल असला, की आमच्याकडच्या शेतकऱ्याचा हात आपोआप पुढे जातो. त्याला तो चोरी मानत नाही. मॅडमने मग जुन्या साड्यांची युक्ती काढली. जुनी साडी कोण नेणार? पण साड्याही गेल्या. आमच्या भागात रानडुकरांपासून पीक वाचवायला शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. रंगीत कापड वाऱ्यावर हललं की डुक्कर बिचकतं, निदान तशी आशा असते. आमच्या तळ्यावरच्या साड्या पुढच्या शनिवारी एका हरभऱ्याच्या शेताभोवती वाऱ्यावर फडफडत होत्या. रहीमभाई रस्त्यावर बसून हसला. मीही हसलो, पण नंतर.

उपाय बायकांनी काढला. साडीला हात-हात अंतरावर गाठी मारायच्या, पाणी लावून घट्ट. गाठींची साडी पसरत नाही, त्यामुळे कुंपणाला कुचकामी. पाण्यातल्या लेकराला मात्र तीच गाठ पकडायला बरी. आणि पदराच्या टोकाला रबरी चप्पल बांधायची. चपलेच्या वजनाने साडी लांब फेकली जाते आणि चप्पल पाण्यावर तरंगते. ही चपलेची कल्पना माझी. तिचा मला आजही गर्व आहे.

एवढ्या साड्या आणायच्या कुठून, ते तान्ह्या पोळ्याने सोडवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलं लाकडाचे बैल सजवून घरोघर नेतात आणि घरचे त्यांना बोजारा देतात, म्हणजे पैसे, चॉकलेट, बिस्किटं. त्या वर्षी मॅडमने मुलांना सांगितलं, बोजारा म्हणून जुनं लुगडं मागा. लाकडी बैलांची मिरवणूक आणि प्रत्येक बैलाच्या पाठीवर घडी केलेली साडी, असं दृश्य त्या गावाने आधी पाहिलं नव्हतं. वैष्णवीच्या आईने एक हिरवी साडी दिली. कोणत्या प्रसंगाची होती ते तिने सांगितलं नाही आणि मॅडमनेही विचारलं नाही. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर सगळं गाव गाठी मारत बसलं. वैष्णवीच्या गाठी सर्वांत पक्क्या निघाल्या. त्यातली एक मी दोन पायांनी दाबून ओढली तरी सुटली नाही.

गावातल्या सगळ्या तळ्यांवर साड्या बांधल्या गेल्या, एक सोडून. माणिकराव नावाचे गृहस्थ होते. वांगी, टमाटे, पालक पिकवून आष्टीच्या बाजारात स्वतः बसून विकणारे. कष्टाळू आणि तितकेच हट्टी. त्यांनी पोरांना बिस्किटांचे पुडे दिले, साडी दिली नाही आणि तळ्यावर बांधूही दिली नाही. मी समजवायला गेलो तर चहा पाजून म्हणाले, "पाण्याच्या काठाले दोर लटकवला का पोट्ट्यायले वाटते, हे खेळाची जागा होय. माह्या वावरात मले पोट्टेच नाई पाह्यजे, त मंग लुगडं काऊन बांधू?"

बोलणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. चहाही चांगला होता. मी परत आलो. पण त्या एका उघड्या तळ्याने मला पुढे बरेच दिवस त्रास दिला.

दिवाळीच्या सुट्टीत, माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी, दुपारी फोन वाजला. तेच गाव. माणिकरावांचं तळं. नागपूरहून आलेला त्यांचा भाचा, आठ-नऊ वर्षांचा, पाण्यात गेला होता. फोन करणाऱ्याला पुढचं काही माहीत नव्हतं.

रहीमभाईने बंब काढला. मी मागची पेटी उघडून गळ वर काढून ठेवला, कारण उतरल्यावर शोधाशोध नको. असं करताना माझ्या मनात काय होतं ते वाचणाऱ्याने समजून घ्यावं. रस्त्यावर सोयाबीन होतंच. घंटा वाजवून माझा हात दुखला. शाळेतला मुलगा असता तर निदान त्याला काही शिकवलेलं असतं. हा पाहुणा होता. त्याने तळं पाहिलं असेल ते पोहण्याच्या तलावासारखं निळं.

शेताजवळ गर्दी दिसली. धुऱ्यावर शाळेची पोरं ओळीने उभी होती आणि कुंपणाच्या साड्यांशी काहीतरी करत होती. मला काही कळेना. मी गळ खांद्यावर घेऊन धावलो. मोटारीच्या खोलीजवळ एका चादरीत गुंडाळलेला पोरगा बसला होता. त्याची आई त्याला छातीशी इतकं आवळून बसली होती, की तो सोड म्हणून कुरकुरत होता. त्याच्या हातात चहाचा कप होता. तो जिवंत होता. मी तिथेच मातीत बसलो. लोकांना वाटलं, साहेबाला चक्कर आली.

काय झालं ते नंतर तुकड्या-तुकड्याने कळलं. पोरं सीताफळं काढायला धुऱ्यावर गेली होती. पाहुणा पोरगा पाणी बघायला कागदावर उतरला आणि घसरला. मोटारीचा पाइप त्याच्या हाताला लागला, पण तो ओढला की पाइपही सैल होऊन सोबत यायचा. हनुवटीपर्यंत पाणी होतं. सूरजने शर्ट काढला आणि तो उडी मारायला धावला. पाण्यातला मासाच तो, आणि त्याचं मन चांगलं होतं. वैष्णवीने त्याचा दंड धरला. तिने नुसता धरला नाही, दोन्ही हातांनी धरून ती खाली बसली, म्हणजे त्याला ओढत नेता येऊ नये. सूरजने नंतर मला दंडावरची तिची नखं दाखवली.

"उडी नाई मारायची, सूरज," ती म्हणाली. "लुगडं आण."

पण त्या तळ्यावर लुगडं नव्हतं. तेव्हा तिची नजर कुंपणाकडे गेली. तिने आधी तिथे झटका मशीनची तार आहे का ते पाहिलं, कारण काही शेतांत साड्यांच्या जोडीला विजेची तारही असते आणि ते आम्ही शनिवारी शिकवलं होतं. तार नव्हती. दोघांनी एक साडी ओरबाडून काढली, एक टोक बाभळीच्या बुडाशी बांधलं, दुसऱ्या टोकाला तिने आपल्या पायातली चप्पल बांधली. एक पोरगी गावाकडे पळाली. बाकीची मातीवर पालथी पडली, एकाचे पाय दुसऱ्याने धरलेले. पहिली फेक चुकली. दुसरी पोराच्या खांद्यावर पडली. त्याने साडी मनगटाला गुंडाळली, आणि जी पोरं शाळेत पाण्याचा हंडा दोघांत उचलताना भांडतात, त्यांनी त्याला त्या शेवाळावरून वर ओढून काढलं. बंब तेव्हा अजून सोयाबीनमध्ये अडकला होता.

मी वैष्णवीला शोधलं. ती धुऱ्यावर होती, एका पायात चप्पल, एक पाय उघडा. मी विचारलं, भीती नाही वाटली का?

"वाटली नं," ती म्हणाली. "म्हणून त उडी मारू नाई देल्ली."

मग तिने माझ्याकडे पाठ फिरवली, कारण तिला काम होतं. ती आणि सूरज साडी परत कुंपणाला बांधत होते. पोरांनी माणिकरावांचं कुंपण तोडलं होतं, सांजेला डुकरं आली असती, म्हणून ते जसं होतं तसं करून द्यायचं ठरलं होतं. ज्या माणसाने त्यांना एक साडी बांधू दिली नाही त्याच्या वांग्यांची ही काळजी. मॅडम बाजूला उभ्या होत्या. डोळ्याला पदर लावला होता आणि ऊन फार आहे म्हणत होत्या.

तेवढ्यात माणिकराव बाजारातून आले. कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, हातात रिकामी पिशवी तशीच. त्यांनी भाच्याला पाहिलं, बहिणीला पाहिलं आणि धुऱ्यावर येऊन पोरांच्या हातातून ती साडी काढून घेतली. मला वाटलं, आता हे रागावणार. ते साडी घेऊन तळ्याकडे गेले आणि बाभळीच्या बुडाशी बसून बांधायला लागले.

"इथंच राहू दे आता," ते म्हणाले. "डुकरं खातीन त खाऊ दे."

वैष्णवी त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. तिने गाठ बोटाने दाबून पाहिली. "हे सुटते जी, काकाजी," असं म्हणून तिने ती सोडली आणि स्वतः बांधली. माणिकराव तिला बांधू देत बसले. पोरांनी मग साडीला हात-हात अंतरावर गाठी मारल्या आणि पाणी लावून घट्ट केल्या. मला वाटलं होतं, आपलं काम संपलं. गर्दी पांगत होती. रहीमभाई बंब वळवत होता. मी गळ उचलला आणि निघालो, तर मागून हाक आली.

"काका, चप्पल काढून द्या नं. माय रागावन."

तळ्याच्या मधोमध तिची निळी रबरी चप्पल तरंगत होती. साडी ओढताना सुटली असावी. मी काठावर मातीवर उभा राहिलो, दोर मोकळा केला आणि गळ फेकला. तो पाण्यात पडल्याचा आवाज मी आयुष्यभर ऐकला होता आणि दर वेळी माझे हात गार पडायचे. त्या दिवशी नाही पडले. मी हळूहळू दोर ओढला. आकड्यात चप्पल आली होती.

वैष्णवीने ती झटकली, पायात घातली आणि सूरजच्या मागे गावाकडे पळत गेली.